भेगेचा आखूड फाटा

आमच्या घरात डॉक्टर मी एकटीच, आणि तीही कुणाच्या उपयोगाची नाही. माझा धाकटा भाऊ लग्नकार्यात पाहुण्यांशी ओळख करून देताना हमखास सांगायचा, "ही डॉक्टर हाय, पण तापाबिपाची नाय. लोखंडाला भेग पडली तर हिच्याकडं या." पाहुणे हसायचे, मीही हसायचे आणि घरी आल्यावर त्याला चांगली झापायचे.

पनवेलच्या एका कॉलेजात मी गणित शिकवते. डॉक्टरेट केली ती पोलादातल्या फाटे फुटलेल्या भेगांवर. भेग सरळ जाता जाता एका जागी दुभंगते, तिचे दोन फाटे होतात. मग त्या दोन टोकांशी किती ताण साठतो आणि तिथलं पोलाद कुठवर कायमचं ताणलं जातं, हे समीकरणांत मांडायचं, एवढाच माझा विषय. सांगायला दोन वाक्यं लागतात, करायला माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. त्यानंतर मी वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाच्या पोरांना कॅल्क्युलस शिकवलं आणि माझ्या भेगा कपाटात पडून राहिल्या. बाहेरच्या जगाने कधी त्यांची चौकशी केली नाही.

भाऊ गॅन्ट्री चालवतो. द्रोणागिरीच्या बाजूला कंटेनरचं एक खाजगी यार्ड आहे, तिथे. गॅन्ट्री म्हणजे चाकांवर उभी असलेली एक अवाढव्य चौकट. दोन्हीकडे पाय, वर आडवा गर्डर, आणि पायांच्या मधल्या जागेत कंटेनरच्या थप्प्या. गर्डरखाली काचेची केबिन टांगलेली असते, तिच्यात माणूस बसतो आणि पायांखालच्या काचेतून खाली बघत कंटेनर उचलतो, न्हावा शेव्याहून आलेल्या ट्रेलरवर ठेवतो. एकदा त्याने मला लांबून दाखवलं होतं. मला खाली उभ्याउभ्या गरगरलं.

दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. मला कॉलेजला सुट्टी होती. सकाळी भाऊ रोडपालीहून बाइकवर आला, चहा नको म्हणाला, आणि तो चहा नको म्हणाला तेव्हाच मी हातातली भाजी खाली ठेवली. त्याने मोबाइल पुढे केला.

"ताई, ही बघ. तुझी भेग."

गॅन्ट्रीचा पाय जिथे गर्डरला मिळतो, त्या कोपऱ्यातल्या वेल्डिंगचा, तपासणीवाल्यांकडून मागून घेतलेला फोटो होता. तपासणीवाले भेगेत लाल रंग मुरवतात आणि वर पांढरी पावडर मारतात, म्हणजे भेग पांढऱ्यावर लाल उमटते. इथे ती स्पष्ट उमटली होती. खालून एक रेघ वर येत होती आणि पुढे दुभंगत होती. एक फाटा लांब, दुसरा आखूड. कपाटातून उठून माझा विषय ओट्यावर येऊन बसला होता.

"हे कधीचं?"

"दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातलं. मग दुरुस्तीवाल्या कंत्राटदाराच्या माणसांनी भेग अडवायला भोक मारलं. त्यांच्या इंजिनीअरनी कागद दिला, चालवायला हरकत नाय म्हणून. दसऱ्याला सगळ्या मशिनी रंगवल्या, हार घातले, नारळ फोडले. आता भेगबिग काय दिसत नाय. पिवळीधमक झालीय."

"मग आज का आलास?"

त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. "काल लोड घेऊन त्या पायाकडं गेलो, तर आवाज आला. टक्. एकदाच. माझी दुपारची शिफ्ट हाय. मला सांग, चढू का नको?"

त्याच्या तोंडून असला प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. लहानपणी चिंचेच्या शेंड्यावर जाऊन बसणारा आणि खाली उभी राहून रडणाऱ्या मला वाकुल्या दाखवणारा माणूस हा. मी फोटो मोठा करकरून बघितला. भोक कुठल्या फाट्याला मारलं, असं विचारलं. लांब्याला, म्हणाला. दुसऱ्याला? नाही. तो एवढुसा तर होता.

इथे थोडं समजावून सांगणं भाग आहे. भेगेच्या टोकाशी ताण इतका वाढतो की तिथलं पोलाद तो झेलू शकत नाही. ते ताणलं जातं ते पुन्हा मूळच्या जागी येत नाही, सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं. हा सैल भाग काही काळ भेगेला थोपवूनही धरतो. दोन फाटे असले की लांब फाटा बहुतेक ओढ आपल्या अंगावर घेतो. आखूड फाटा त्याच्या आडोशाला निवांत असतो, वाढत नाही. आता लांब्याच्या टोकाला गोल भोक पाडलं की त्याचं धारदार टोक जातं आणि तो अडतो. युक्ती जुनी आहे, चांगलीही आहे. पण त्यानंतर त्या कोपऱ्यात धारदार टोक एकच उरतं, आखूड फाट्याचं. तोवर ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही, त्याची पाळी येते.

येते म्हणजे येईलच असं नाही. तिथेच सगळी गोम. मी लॅपटॉप उघडून बसले, जुने प्रोग्रॅम शोधले, फोटोवरून लांबी आणि कोन अंदाजाने घातले. भाऊ समोर खुर्चीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. आखूड फाटा जरा कमी तिरका धरला तर उत्तर येत होतं, वर्षानुवर्षं काही होणार नाही. जरा जास्त तिरका आणि किंचित लांब धरला, वेल्डिंगमध्ये मुळातच अडकून बसलेला ताण मिळवला, तर याच आठवड्यात. दोन्ही उत्तरांच्या मधला फरक त्या फोटोतल्या लाल रंगाच्या फराट्याएवढा होता. मी पुन्हा पुन्हा आकडे बदलत राहिले आणि दर वेळी मला माझ्याच विषयाचा अधिकाधिक राग येत गेला.

"तळ्यात का मळ्यात?" भावाने शेवटी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही. पण तू चढू नकोस."

"माहीत नाय तर चढू नको का?"

"माहीत नाही म्हणूनच चढू नकोस. तो फाटा उघडा करून बघितल्याशिवाय नको."

त्याने मान डोलावली, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि गेला. मी दार लावलं आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला. इतक्या वर्षांत माझं गणित एका माणसाच्या उपयोगाला आलं, आणि तोही माझाच भाऊ, याचा मला आनंद झाला होता. नुसता आनंद नाही, थोडा माजही आला होता. मी ती अर्धवट राहिलेली भाजी गुणगुणत चिरली.

साडेतीनच्या सुमारास तो परत आला. आता चहा हवा होता. खुशीत होता, वहिनीला फोन करून रात्री मटण कर म्हणून सांगत होता. मी चहा टाकला, आल्याचा तुकडा ठेचला आणि सहज विचारलं, "काय म्हणाले? बंद ठेवली ना?"

"काय?"

"गॅन्ट्री."

"बंद कशाला ठेवतील? मी चक्कर येते बोललो."

त्यांच्या यार्डात ही एक रीत आहे. चढायच्या आधी कुणी 'चक्कर येते' म्हणाला, की त्याला कुणी उलटून विचारत नाही. खरी का खोटी, दारू का ताप, काही नाही. वर केबिनमध्ये भोवळ आली तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून हा शब्द उच्चारला की माणूस घरी जातो आणि दुसरा चढतो. चांगली रीत आहे. तिने कितीजणांचे जीव वाचवले असतील. पण दुसरा चढतो.

"मग वर कोण आहे?" मी विचारलं.

"चाचा."

चाचा म्हणजे उरणकडचे एक वयस्क ऑपरेटर. आखातात बरीच वर्षं क्रेन चालवून परत आलेले. माझ्या भावाला गॅन्ट्री शिकवली ती त्यांनीच. ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा डबा भरून माझ्यापर्यंत येत असे. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, डबे मात्र धुऊन परत पाठवले होते.

"त्यांना सांगितलंस?"

"काय सांगू? ताईनं लॅपटॉपवर बघितलं आणि तिला माहीत नाय, असं? हसतील सगळे. कंत्राटदाराचा कागद हाय ना."

मी कधी कधी फार वाईट बोलते. तेव्हाही बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण चहा उतू गेला आणि दोघांपैकी कुणीही गॅस बंद केला नाही. शेवटी त्यानेच उठून तो बंद केला. त्याचं तोंड उतरलं होतं. "चाचाला फोन लाव," मी म्हणाले. मोबाइल केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, गेटवरच ठेवून घेतात. वॉकीटॉकीवर फक्त ऑफिसातूनच बोलता येतं. ऑफिसात फोन लावला तर मॅनेजर म्हणाला, मॅडम, तुमचं जे काही असेल ते मेल करा. मी म्हणाले, मेल वाचेपर्यंत गॅन्ट्री बंद ठेवा. त्याने फोन ठेवला.

आम्ही बाइकवर निघालो. पळस्प्याच्या पुढे ट्रेलरची रांग लागलेली. भाऊ डावीकडून उजवीकडून वाट काढत होता, धूळ डोळ्यांत जात होती, आणि दर ट्रेलरवरचा कंटेनर बघून माझ्या मनात येत होतं, हा तिथूनच आला असेल, म्हणजे हा उचलला तोवर तरी ठीक होतं. एवढंच पुरावा म्हणून माझ्याकडे होतं. दर उचलीबरोबर तो कोपरा एकदा ताणला जातो आणि एकदा सुटतो. भेग वाढते ती अशीच, एकेका उचलीने. भाऊ वर चढला नाही तरी गॅन्ट्री थांबली नव्हती. हे सकाळी मला कळायला हवं होतं, आणि कळलं असतं, जर मी सकाळी गॅन्ट्रीचा विचार केला असता. मी भावाचा केला.

गेटवर माझं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं, अंगात ते केशरी जाकीट घातलं. गॅन्ट्री समोरच होती. पिवळी, नवी कोरी दिसत होती, पायाला झेंडूची माळ, सुकून तपकिरी झालेली. ती चालू होती. केबिन सरकत होती आणि तिच्याखाली लोंबणारा निळा कंटेनर सावकाश हलत होता.

मॅनेजर तरुण होता, आवाज चढवणारा नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही वेगळी वागले नसते, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. त्याने मला खुर्ची दिली आणि कंत्राटदाराच्या इंजिनीअरचा कागद पुढे ठेवला. "मॅडम, प्रॉपर ॲनालिसिस केलेलं आहे. बघा ना तुम्हीच."

बघितलं. रंगीत चित्र होतं, ताण जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. भेगेला दोन फाटे होते, आणि दोन्ही सारख्याच लांबीचे. माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्या धंद्यातला हा नेहमीचा आळस आहे. भेग दोन्ही बाजूंना सारखी आहे असं मानायचं, म्हणजे अर्धाच भाग सोडवावा लागतो आणि उरलेला अर्धा आरशातल्यासारखा उलटवून जोडता येतो. कॉम्प्युटरचा वेळ निम्मा, चित्रही देखणं येतं. पण सारखे फाटे असले की कुणीच कुणाच्या आडोशाला नसतं. म्हणजे आखूड फाट्याचा प्रश्न त्या कागदात सुटलेला नव्हता, तो विचारलाच गेला नव्हता. चित्रात एका टोकाला भोक काढलं होतं, आणि आरशाने दुसऱ्या टोकालाही तसंच भोक काढून दिलं होतं. गॅन्ट्रीवर मात्र भोक एकच होतं.

"हे दुसरं भोक कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने कागद बघितला, भावाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "एकच मारलंय साहेब. मी उभा होतो तिथं."

मॅनेजरने कागदावरच्या दोन्ही भोकांवर एकेकदा बोट ठेवलं. खिडकीतून ट्रेलरची रांग दिसत होती, गेटच्या बाहेरपर्यंत. मग त्याने कागद उलटा ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, मला त्यातलं काही कळत नाही. हे मशीन थांबवलं तर सगळं यार्ड थांबतं, आणि वर मी काय सांगू? कुणीतरी मॅडम आल्या होत्या आणि त्यांना शंका होती? मला एकच सांगा. पडेल का?"

वर्गात एखाद्या पोराने 'जवळजवळ बरोबर'च्या जागी 'बरोबर'चं चिन्ह लिहिलं तर मी अख्खं उत्तर खोडते. पोरं मला त्यावरून शिव्या घालतात, हे मला माहीत आहे. माझ्या प्रबंधात असं एकही वाक्य नाही जे मला सिद्ध करता आलं नसतं. मॅनेजरने विचारलं आणि भाऊ माझ्याकडे बघू लागला, कारण सकाळचं उत्तर त्याने ऐकलं होतं.

"पडेल," मी म्हणाले. "आज पडेल."

मॅनेजर उभा राहिला, त्याने वॉकीटॉकी उचलला. आम्ही बाहेर आलो. चाचांनी तेवढ्यात थप्पीवरून दुसरा एक कंटेनर उचलला होता आणि तो ट्रेलरच्या रस्त्याकडे निघाला होता. ट्रेलरचा रस्ता भेग असलेल्या त्याच पायाच्या बाजूला होता. "चाचा, काम थांबवा, खाली या," मॅनेजर म्हणाला. वरून खरखरत उत्तर आलं, "हा लोड देऊन येतो."

"नको!" मी ओरडले. "तिकडे नको. जिथून उचलला तिथेच परत ठेवायला सांगा."

मॅनेजरने सांगितलं. केबिन थांबली. कंटेनर झोके घेत राहिला, दर झोक्याला चौकट अगदी जराशी हलत होती, किंवा मला तसं वाटत होतं. मी त्या कोपऱ्याकडे डोळे लावून उभी होते आणि पिवळ्या रंगाशिवाय मला काही दिसत नव्हतं. भावाने माझं मनगट धरलं होतं. मग केबिन उलट सरकायला लागली, हळूहळू, कंटेनर थप्पीवर आला, टेकला, वरचे चारी पकडे सुटले. मला रडू फुटलं. हेल्मेट घालून, केशरी जाकीट घालून, ड्रायव्हर लोकांच्या देखत मी रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

चाचा शिडीने उतरले. किडकिडीत माणूस, पांढरी आखूड दाढी. आधी भावाकडे गेले, त्याच्या कपाळाला हात लावला. "कसं हाय आता? चक्कर कमी हाय ना?" भावाने मान खाली घातली. त्याने सगळं सांगितलं, तिथेच, यार्डाच्या मध्यावर, एका दमात. सकाळचा फोटो, आवाज, लॅपटॉप, मी, ऑफिसातलं 'आज पडेल'. चाचा ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी मागे वळून वर त्या कोपऱ्याकडे बघितलं.

मग ते माझ्याकडे आले. शीरखुर्म्याच्या डब्यांबद्दल काहीतरी बोलावं असं मला वाटलं, पण त्यांनीच आधी विचारलं.

"मॅडम, साहेबांना तुमी बोललात, आज पडेल. खरंच पडली असती?"

या माणसाशी मला खोटं बोलवेना. "माहीत नाही," मी म्हणाले.

"भावाला सकाळी काय बोललात?"

"हेच. माहीत नाही म्हणाले."

"आणि तो नाय चढला."

"नाही चढला."

त्यांनी हातमोजे काढले, एकमेकांवर झटकले आणि नीट घडी करून खिशात ठेवले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"माहीत नाय, एवढं मला कुणी सांगितलं असतं, तर मी पण नसतो चढलो," ते म्हणाले, आणि मोबाइल घ्यायला गेटकडे चालू लागले.